चक्राता ते श्रीपेरुंबुदूर

19 मे 1982. मद्रासच्या त्यागरायनगरातला पाँडी बाजार संध्याकाळच्या खरेदीने गजबजला होता. त्या गर्दीत काही तरुण समोरासमोर आले, त्यांनी एकमेकांना ओळखले आणि पिस्तुले काढली. गोळ्या सुटल्या, एकजण जखमी झाला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले. पोलिसांच्या हाती लागलेला सडपातळ तरुण सत्तावीस वर्षांचा होता. त्याचे नाव वेलुपिल्लै प्रभाकरन. 1975 मध्ये जाफन्याचे महापौर अल्फ्रेड दुरैअप्पा यांच्या झालेल्या खुनात श्रीलंकेचे पोलीस त्याला शोधत होते. ज्याच्यावर त्याने गोळ्या झाडल्या तो उमा महेश्वरन काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्याच लिट्टे या संघटनेचा अध्यक्ष होता. काही दिवसांत तोही पकडला गेला.

कोलंबोने दोघांचीही मागणी केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तमिळनाडूतले पक्ष मात्र या वेळी एका सुरात म्हणाले की तमिळ मुलांना सिंहली सरकारच्या हाती द्यायचे नाही. दिल्लीने ते ऐकले. दोघांना जामीन मिळाला आणि प्रभाकरन पुढे जामीन तोडून समुद्रापलीकडे गेला.

श्रीलंकेच्या तमिळ सशस्त्र गटांशी भारताचे जे नाते जडले, त्याचा हिशेब या संध्याकाळपासून मांडावा असे मला वाटते. नंतर जे काही घडले त्याची बीजे पाँडी बाजारात उघड्यावर पडली होती. ही मुले शत्रूच्या आधी एकमेकांना संपवतील, हे तिथे दिसले होते. मद्रासच्या राजकारणात त्यांना हात लावायला कोणी धजणार नाही, हेही दिसले होते. पुढच्या वर्षी दिल्लीने त्याच मुलांच्या हाती बंदुका द्यायचे ठरवले.

त्यामागचे कारण खरे होते, हे आधी सांगायला हवे. 1956 च्या कायद्याने सिंहली ही श्रीलंकेची एकमेव राजभाषा ठरली होती. 1958 मध्ये दंगली झाल्या. 1981 च्या मे-जूनमध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले आणि सुमारे 97 हजार पुस्तके व हस्तलिखिते राख झाली. 23 जुलै 1983 रोजी जाफन्याजवळ तिरुनेलवेली इथे लिट्टेने सुरुंग लावून 13 सैनिक मारले. त्यांच्या अंत्यविधीच्या निमित्ताने कोलंबोत जमलेला जमाव तमिळांच्या घरादुकानांवर तुटून पडला. हल्लेखोरांच्या हाती मतदारयाद्या होत्या, त्यामुळे कोणते घर तमिळाचे हे त्यांना विचारावे लागले नाही. वेलिकडा तुरुंगात दोन दिवसांत 53 तमिळ कैदी मारले गेले, तेही सरकारी पहाऱ्यात. त्या आठवड्यात एकूण किती माणसे मेली याचे अंदाज चारशेपासून तीन हजारांपर्यंत जातात. श्रीलंकेच्या इतिहासात त्याला ‘काळा जुलै’ म्हणतात. हजारो निर्वासित नावांतून रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागले आणि तमिळनाडू पेटून उठला.

पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर दोन काळज्या होत्या. एक तमिळनाडूची. दुसरी कोलंबोची, कारण राष्ट्राध्यक्ष जयवर्धने उघडपणे अमेरिकेकडे झुकले होते. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे प्रक्षेपण केंद्र आणि त्रिंकोमालीचे नैसर्गिक बंदर व तेलटाक्या या गोष्टी दिल्लीला सलत होत्या. इंदिराजींनी एका बाजूने जी. पार्थसारथी यांना मध्यस्थ म्हणून वाटाघाटीला पाठवले आणि दुसऱ्या बाजूने रॉ या गुप्तचर संस्थेला तमिळ गटांना प्रशिक्षण द्यायला सांगितले. 1983 च्या उत्तरार्धात पहिल्या तुकड्या डेहराडूनजवळच्या चक्राताच्या डोंगरात पोचल्या. समुद्रकाठच्या उष्ण गावांतली ही मुले हिमालयाच्या थंडीत शस्त्रे चालवायला, स्फोटके लावायला, नकाशा वाचायला शिकली. टेलो, ईपीआरएलएफ, इरॉस, लिट्टे आणि पुढे उमा महेश्वरनचा प्लोट, अशा सगळ्यांनाच थोडेथोडे दिले गेले. कोणी एक फार मोठा होऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. तमिळनाडूत तळ उभे राहिले. 1984 च्या सुरुवातीला ‘इंडिया टुडे’ने त्यांची बातमी छापली तेव्हा सरकारने साफ इन्कार केला. जाफन्यात आणि कोलंबोत मात्र ते सर्वांना ठाऊक होते.

माझ्या मते खरी चूक शस्त्रे देण्याच्याही आधीची होती. भारताला ईलम, म्हणजे वेगळे तमिळ राष्ट्र, नको होते. शेजारी देशाची भाषेच्या आधारावर फाळणी झाली, तर तिचे पडसाद मद्रासेतही उमटतील हे दिल्लीला कळत होते. भारताला हवा होता कोलंबोवर दबाव आणि त्यातून तमिळांना संघराज्यासारखी काही स्वायत्तता. पण हातात बंदूक घेणारा मुलगा ईलमसाठी घर सोडून आला होता. देणारा आणि घेणारा यांची वाट फार तर निम्म्यापर्यंत एक होती, आणि पुढे काय करायचे याचा विचार देणाऱ्याने केलाच नव्हता.

प्रभाकरनने तो केला होता. रॉकडून मिळाले ते त्याने घेतले, पण त्यावर विसंबून राहिला नाही. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्याकडून त्याला कोट्यवधी रुपये मिळाले. परदेशातल्या तमिळांकडून त्याने वर्गणी जमवली, स्वतःची जहाजे घेतली, शस्त्रांच्या खुल्या बाजारात खरेदी केली. करुणानिधींचा ओढा टेलोकडे होता, त्यामुळे मद्रासच्या दोन नेत्यांची स्पर्धा गटांच्या स्पर्धेत मिसळली. या सगळ्याची झळ शहरालाही बसली. 2 ऑगस्ट 1984 रोजी मीनंबाक्कम विमानतळावर कोलंबोला धाडायचे ठरवलेले सामान फुटले आणि तीसच्या आसपास माणसे ठार झाली. तो बाँब एका छोट्या तमिळ गटाचा होता.

1985 मध्ये भारताने सर्व गटांना भूतानमध्ये थिंफूला नेऊन श्रीलंका सरकारसमोर बसवले. बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी एप्रिल-मे 1986 मध्ये लिट्टेने जाफन्यात टेलोवर हल्ला चढवला. टेलो हा भारताचा सर्वांत लाडका गट होता. त्याचे शेकडो तरुण काही दिवसांत मारले गेले आणि त्यांचा नेता श्री सबारत्नम 6 मे रोजी गोळ्यांना बळी पडला. डिसेंबरात ईपीआरएलएफची पाळी आली. सर्वांना थोडेथोडे देऊन तोल राखण्याचे धोरण वर्षभरात मातीला मिळाले होते.

नोव्हेंबर 1986 मध्ये बंगळूरला सार्क परिषद भरायची होती. जयवर्धने पाहुणे म्हणून येणार, तेव्हा तमिळनाडू पोलिसांनी गटांची शस्त्रे आणि वायरलेस संच जप्त केले. पुन्हा मद्रासेत राहायला आलेल्या प्रभाकरनने उपोषण मांडले आणि संच परत मिळवले. जानेवारी 1987 मध्ये तो जाफन्याला परतला. त्यानंतर भारताच्या भूमीवरून त्याला हाताळण्याची शक्यताच उरली नाही.

इथून घटनांना वेग आला. मे 1987 च्या अखेरीस श्रीलंकेच्या लष्कराने वडमराच्ची भागात मोठी मोहीम उघडली. जाफन्याची कोंडी झाली. भारताने मदतीच्या होड्या पाठवल्या, त्या श्रीलंकेच्या नौदलाने परतवल्या. 4 जूनला भारतीय हवाई दलाच्या एएन-32 विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर धान्य आणि औषधे टाकली. जयवर्धने समजायचे ते समजले. 29 जुलैला कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि त्यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ गट त्या कराराचे पक्षकारच नव्हते. प्रभाकरनला आदल्या आठवड्यात दिल्लीला आणून अशोक हॉटेलात पहाऱ्यात ठेवले होते आणि तिथे त्याची संमती गृहीत धरली गेली. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका सिंहली नौसैनिकाने राजीव यांच्यावर बंदुकीचा दस्ता उगारला. ते खाली वाकले म्हणून वार निसटता लागला.

करारात भारताने एक हमी दिली होती. श्रीलंकेच्या एकात्मतेला बाधा आणणाऱ्या कारवायांसाठी आपली भूमी वापरू देणार नाही, अशी ती हमी होती. बदल्यात त्रिंकोमाली भारताच्या हिताविरुद्ध कोणाला दिले जाणार नव्हते. लिट्टेची शस्त्रे उतरवून घ्यायची जबाबदारी भारतीय शांतिसेनेवर आली. म्हणजे ज्यांना सशस्त्र केले त्यांना निःशस्त्र करायला त्याच देशाचे जवान निघाले, आणि तेही स्वागताच्या हारांची अपेक्षा धरून. सुरुवातीला हार मिळालेही. 4 ऑगस्टला सुदुमलैच्या मैदानावर हजारो लोकांसमोर प्रभाकरन म्हणाला की आमच्या लोकांच्या रक्षणाची जबाबदारी आता भारताची आहे, भारतीय जवानावर आम्हाला शस्त्र उचलायचे नाही, पण या कराराने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्यातले शेवटचे वाक्य दिल्लीत कोणी नीट ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी पलालीला नावापुरती काही शस्त्रे जमा झाली.

सप्टेंबरमध्ये लिट्टेचा तरुण कार्यकर्ता थिलीपन नल्लूरच्या मंदिरासमोर अन्नपाणी सोडून बसला आणि 26 तारखेला वारला. जाफना शोकात बुडाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने समुद्रात लिट्टेच्या 17 जणांना पकडले. त्यात कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे मोठे नेते होते. कोलंबोने त्यांना राजधानीत नेण्याचा हट्ट धरला. भारतीय अधिकाऱ्यांची रदबदली वाया गेली. 5 ऑक्टोबरला पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड घेतले आणि बाराजण दगावले. त्यानंतर लिट्टेने सिंहलींच्या कत्तली सुरू केल्या आणि 10 ऑक्टोबरला शांतिसेनेची ‘ऑपरेशन पवन’ मोहीम सुरू झाली.

11 ऑक्टोबरच्या मध्यरात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवण्यात आले. लिट्टेचे नेतृत्व तिथे असल्याची खबर होती. ही योजना शत्रूने वायरलेसवर आधीच ऐकली होती. पॅरा कमांडोंच्या पाठोपाठ शीख लाइट इन्फंट्रीच्या तेराव्या बटालियनचे 30 जवान खाली उतरले. गोळीबार इतका भयंकर होता की पुढची हेलिकॉप्टरे येऊच शकली नाहीत. ते 30 जवान दारूगोळा संपेपर्यंत लढले. 29 ठार झाले, एकजण कैद झाला. ज्या शहरात बंदूकधारी पोरांशी किरकोळ चकमकी होतील असे सांगितले गेले होते, तिथे रस्त्यारस्त्यात पेरलेले सुरुंग आणि घराघरांतून झाडणारे नेमबाज होते. यांपैकी काहींना हे कौशल्य भारतातच शिकवले गेले होते. जाफना घ्यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले.

त्या लढाईत महार रेजिमेंटच्या बटालियन होत्या, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना हे युद्ध तारेने आलेल्या बातमीतून कळले. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, मुंबईतच शिकले. मातृभाषा तमिळ, रेजिमेंट महार. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. परमेश्वरन शत्रूला वळसा घालून मागून तुटून पडले. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी झाडली, तेव्हा त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला ठार केले. मरणाच्या दारातही ते जवानांना हुकूम देत राहिले. शांतिसेनेतले ते एकमेव परमवीर चक्र. एका तमिळ अधिकाऱ्याने, महारांच्या तुकडीचे नेतृत्व करताना, भारताने शिकवलेल्या तमिळ तरुणांशी लढत प्राण दिला. या सगळ्या धोरणाबद्दल मला जे म्हणायचे आहे, त्यातले बरेचसे या एका प्रसंगात आले आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, भारतीय जवान जाफन्याच्या सरकारी इस्पितळात शिरले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण धरून साठच्या वर माणसे मारली गेली. इस्पितळातून गोळीबार झाला आणि लोक चकमकीत सापडले, असे लष्कराचे म्हणणे. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितले ते वेगळेच होते. निःशस्त्र माणसे हात वर करून उभी असताना गोळ्या घातल्या, असे त्यांनी सांगितले. ज्या तमिळांना वाचवायला आपण गेलो, त्यांच्या आठवणीत आपण असे उरलो आहोत. परमेश्वरन यांच्या शौर्याबरोबर हेही आपल्याच इतिहासात ठेवावे लागेल, एक लिहून दुसरे गाळता येणार नाही.

4 नोव्हेंबर 1987 रोजी, जाफना पडून जेमतेम दहा दिवस झाले असताना, काठमांडूत सार्कच्या देशांनी दहशतवाद निर्मूलनाच्या प्रादेशिक कराराला मान्यता दिली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, सगळ्यांच्या सह्या झाल्या. दक्षिण आशियातला दहशतवादविरोधी सहकार्याचा हा पहिला मोठा दस्तऐवज. तो कागदावर भक्कम होता, पण त्यावर सही करणाऱ्यांत असे देश होते ज्यांच्या गुप्तचर संस्था त्याच वर्षांत शेजाऱ्याच्या हद्दीतले गट पोसत होत्या. म्हणून त्याचा उपयोग फारसा झाला नाही.

शांतिसेना वाढत वाढत चार डिव्हिजनपर्यंत गेली. नोव्हेंबर 1988 मध्ये निवडणूक होऊन ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमल उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झाले. त्यांना टिकवण्यासाठी तमिळ तरुणांना घराघरांतून उचलून एक दल उभे केले गेले. यातल्या पोरांचे पुढे काय झाले, हा वेगळा आणि फार दुःखद विषय आहे. तिकडे दक्षिणेत भारतविरोधी लाट आणि जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचे बंड यांनी सिंहली राजकारण ढवळून निघाले. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी 1989 मध्ये भारताला परत जायला सांगितले आणि लिट्टेशी बोलणी सुरू केली. शांतिसेनेशी लढायला प्रेमदासांनी लिट्टेला शस्त्रेही दिली. आपण जे 1983 मध्ये केले होते तेच कोलंबोने सहा वर्षांनी केले, आणि तितक्याच आत्मविश्वासाने.

24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. 1,100 हून अधिक जवान गमावून शांतिसेना मद्रास बंदरात उतरली, तेव्हा तिच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जूनमध्ये लिट्टेने श्रीलंकेच्या शेकडो पोलिसांना, ते शरण आले असताना, ठार केले. प्रेमदासांनी दिलेली शस्त्रे त्यांच्यावरच उलटली होती. 1 मे 1993 रोजी कोलंबोतल्या मिरवणुकीत आत्मघातकी स्फोटाने त्यांचा बळी घेतला.

भारतावर विश्वास ठेवणाऱ्यांचे काय झाले, हे एकत्र पाहण्यासारखे आहे. टेलोचा नेता 1986 मध्ये मारला गेला. बंदूक न घेतलेले, संसदीय मार्गाने जाणारे अमिर्तलिंगम 13 जुलै 1989 रोजी कोलंबोतल्या घरात, चहाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या गोळ्यांनी मेले. ईपीआरएलएफचे पद्मनाभा 19 जून 1990 रोजी मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये आपल्या डझनभर साथीदारांसह मारले गेले. दिल्लीच्या आसऱ्याने राहिलेले एकेक करून संपले आणि ज्याने दिल्लीवर कधीच भरवसा ठेवला नाही तो उरला. ज्या गटांनी आपले ऐकले त्यांनाच आपण वाचवू शकलो नाही, ही या धोरणाची मला सर्वांत बोचणारी बाब वाटते.

पद्मनाभांचे मारेकरी पळाले, कारण त्यांना रोखणारे कोणी नव्हते. त्यांच्यातला शिवरासन वर्षभरात परत आला. 21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरुंबुदूरच्या प्रचारसभेत राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेल्या लिट्टेच्या धनू या तरुणीने कमरेचा स्फोटक पट्टा उडवला आणि राजीव मारले गेले. छायाचित्रे काढणारा हरिबाबूही मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला आणि त्यातल्या फिल्मनेच डी. आर. कार्तिकेयन यांच्या तपासपथकाला धागा दिला. ऑगस्टमध्ये बंगळूरजवळच्या कोणनकुंटेत वेढा पडल्यावर शिवरासनने स्वतःला संपवले.

त्यानंतर भारताचे वागणे बदलले. 14 मे 1992 रोजी भारताने लिट्टेवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश होता आणि तेव्हा गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण. जानेवारी 1993 मध्ये शस्त्रे घेऊन येणारे ‘अहत’ जहाज भारतीय नौदलाने समुद्रात गाठले. त्यावर लिट्टेचा जाफन्याचा जुना सेनापती किट्टू होता. जहाज पेटवून तो बुडाला. संरक्षणखाते तेव्हा शरद पवारांकडे होते. 2000 नंतर कोलंबोला गस्ती नौका आणि रडार मिळाली. सप्टेंबर 2008 मध्ये लिट्टेने वावुनियाच्या तळावर हल्ला केला तेव्हा रडारवर काम करणारे दोन भारतीय तंत्रज्ञ जखमी झाले. त्यातून भारत तिथे काय करत होता हे बाहेर आले. आक्रमक शस्त्रे दिली जात नव्हती, पण समुद्रात शस्त्रवाहू जहाजांचा माग काढून कोलंबोला कळवले जात होते. मे 2009 मध्ये नंदिकडल खाजणाच्या काठी प्रभाकरन मारला गेला. अखेरच्या महिन्यांत किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत कोंडलेले नागरिक तोफांखाली मेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने तो आकडा 40 हजारांपर्यंत असू शकतो असे म्हटले. लिट्टेने त्यांना ढाल म्हणून धरले होते, लष्कराने तरीही गोळे डागले, आणि दिल्लीने ते थांबवले नाही.

21 एप्रिल 2019 रोजी ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेतल्या चर्च आणि हॉटेलांवरच्या हल्ल्यांत 260 हून अधिक माणसे मेली. त्याआधी 4 एप्रिललाच भारताच्या गुप्तचरांनी हल्लेखोरांच्या नावासह इशारा दिला होता. हे सहकार्य खरेच होते आणि योग्य वेळेत झालेले होते. कोलंबोतले राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यात बेबनाव असताना तो इशारा टेबलावरच राहिला.

1987 च्या करारातून तमिळांच्या वाट्याला जे यायचे होते त्यातली एक गोष्ट म्हणजे प्रांतिक परिषद. तेराव्या घटनादुरुस्तीने ती कायद्यात आली. उत्तर आणि पूर्व या दोन प्रांतांचे विलीनीकरण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. उत्तर प्रांताच्या स्वतंत्र परिषदेसाठी पहिले मतदान 2013 मध्ये झाले, कराराला 26 वर्षे झाल्यावर. 2018 मध्ये तिची मुदत संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. जाफन्यात आजही लोक त्या मतदानाची वाट पाहतात, आणि भारताने त्यासाठी कोलंबोवर दबाव आणावा अशी विनंती दिल्लीला करतात.